भोपाळची ती रात्र आणि आपण

कर्नाटक एक्स्प्रेस आपल्या कलबुर्गीहून निघून सोलापूर, मनमाड, भुसावळ करीत भोपाळला पोहोचते. दिल्लीच्या वाटेवर तेथे चहाला उतरलो की आम्हाला त्या फलाटावरची एक रात्र आठवते.

२ डिसेंबर १९८४, रविवार. स्टेशनापासून जवळच युनियन कार्बाइडचा कारखाना. तेथे ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक बने. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव नवे नाही. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट जमिनीतल्या टाक्यांत साठवलेले असे. त्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, रसायन उकळले, दाब वाढला आणि सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे तोकडी पडली.

हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत वस्त्यांत शिरला. लोक वाट फुटेल तिकडे धावले. अनेक जण वाऱ्याच्याच दिशेने धावले. तोंडावर ओले फडके धरा, एवढे सांगणारेही वेळेवर कोणी भेटले नाही. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना विष कोणते तेच ठाऊक नव्हते.

स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे उप स्टेशन अधीक्षक होते. फलाटावरची भरलेली गाडी त्यांनी वेळेआधी, स्वतःच्या जबाबदारीवर सोडली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या रोखण्याचा निरोप धाडला. शेकडो जीव वाचले. त्यांची स्वतःची प्रकृती मात्र कायमची खालावली. २००३ मध्ये ते वारले.

हे अचानक घडले असेही नाही. १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून धोका लिहीत होते. वाचले सगळ्यांनी, मनावर कोणी घेतले नाही.

सरकारी आकडा सुरुवातीला २,२५९ मृत्यूंचा होता; पुढे भरपाईच्या दप्तरात तो पाच हजारांवर गेला. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट सांगतात. बाधित साडेपाच लाखांहून अधिक. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक जखमींच्या हाती आधी २५ हजार रुपये पडले. २०१० मध्ये सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ साल उजाडले. सेव्हिनमधल्या कार्बारिलवर आपल्या देशात २०१८ मध्ये बंदी आली.

भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाना कायदा कडक झाला. आता धोकादायक रसायने साठवणाऱ्या मोठ्या कारखान्याने आपत्कालीन आराखडा ठेवायचा आणि शेजारच्या वस्तीला धोका समजावून सांगायचा, हा नियम आहे. आम्ही सरकारी नोकरीत आहोत, म्हणून हेही जाणतो की आराखडा फायलीत असणे निराळे आणि माणसांच्या तोंडी असणे निराळे.

बिदरच्या कोल्हारमध्ये, हुमनाबादेत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. आपली मुले तेथे कामाला जातात, आपल्यातल्या कित्येकांची चूल त्यावर पेटते. कारखाने नकोत असे आम्ही म्हणत नाही. पण शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, भोंगा वाजला तर काय करायचे, हे विचारायला हवे. वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावे, नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढे तरी घरातल्या लहानथोरांना ठाऊक असावे.

विघ्नहर्त्यापुढे हात जोडताना आम्ही भोपाळकरांसाठीही जोडतो. पण टाकीची झडप तपासायचे काम त्याने माणसाकडेच ठेवले आहे.