लाल शाई

पस्तीस वर्षे मराठी शिकवले. मुलांच्या वहीत लाल शाईने सर्वांत जास्त वेळा काय लिहिले असेल, तर 'अशुद्ध'. सध्या मिचिफ नावाच्या भाषेविषयी वाचतो आहे आणि तो शेरा राहून राहून आठवतो.

मिचिफ ही कॅनडातल्या मेटी लोकांची भाषा. फरच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच बोलणारे पुरुष आणि तिथल्या क्री, ओजिब्वे जमातींच्या बायका यांचे संसार झाले. त्यांची लेकरे ती मेटी. रेड नदीच्या खोऱ्यात, बायसनच्या शिकारीवर जगणारा हा समाज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आला, आणि त्याची भाषाही.

व्याकरण वाचून मी थक्क झालो. नामे बहुतेक फ्रेंच, क्रियापदे क्री, आणि दोन्हींचे नियम शाबूत! फ्रेंचसारखे पुल्लिंग-स्त्रीलिंग आहे, शिवाय क्रीसारखा सजीव-निर्जीव भेदही. बाई आणि घर दोन्ही स्त्रीलिंगी, पण बाईला पाहिले तर क्रियापदाचे रूप एक, घर पाहिले तर दुसरे. हे अर्धवट ज्ञानाचे काम नव्हे. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्यांनीच ती घडवली, असे पीटर बाकर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९९७ च्या ग्रंथात मांडले आहे.

पण जगाने शिक्का मारला तो 'मोडके फ्रेंच' असाच. १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला, त्यानंतर जमिनी हातच्या गेल्या, माणसे पांगली. १८८५ मध्ये बातोशला मेटींचा पराभव झाला आणि त्यांचे नेते लुई रिएल फासावर गेले. कित्येक कुटुंबे रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहिली. आपण मेटी आहोत हे लपवण्यातच शहाणपण ठरले. मग आईबाप मुलांशी मिचिफ बोलेनासे झाले. २०२१ च्या जनगणनेत ती बोलू शकणारे दोन हजारही भरले नाहीत.

भाषा अशी घरातच गप्प होते. आणि गप्प करणारा पुष्कळदा माझ्यासारखा मास्तर असतो.

एकदा वर्गात एक मुलगा म्हणाला, "म्या न्हाय केलं, गुर्जी." मी सर्वांदेखत म्हटले, "आधी नीट बोल!" पोरे हसली. वर्षभर तो पुन्हा आपणहून बोलला नाही.

तोच 'म्यां' तुकोबांच्या अभंगात आला की मी भक्तिभावाने शिकवायचो.