गंजरोधन, खनिज तेल उद्योगातील

खनिज तेल व वायू यांचे उत्पादन, वहन, शुद्धीकरण आणि त्यांपासून रसायननिर्मिती यांसाठी लागणाऱ्या पोलादी सामग्रीचे गंजण्यापासून रक्षण करण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. ओलसर परिसरात पोलादाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत् घट तयार होतात. धनाग्राच्या जागी लोह विरघळते व तेथे खड्डे पडतात. नळाची भिंत सर्वत्र सारखी झिजण्यापेक्षा एकाच जागी आरपार छिद्र पडणे अधिक घातक असते.

इतिहास : सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावरील तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडले. तांब्याऐवजी हे तुकडे झिजले; परंतु तांबे विरघळेनासे झाल्याने पत्र्यांवर सागरी जीव वाढू लागले व जहाजांचा वेग मंदावला. त्यामुळे ही पद्धत मागे पडली. पुढे १९२८ मध्ये रॉबर्ट कून यांनी न्यू ऑर्लीन्स येथील वायुनळांसाठी ऋणाग्री रक्षणाचा उपयोग केला. जमिनीतील पोलादाचे वर्चस् तांबे–कॉपर सल्फेट संदर्भ अग्राच्या तुलनेत −०·८५ व्होल्ट वा त्याहून अधिक ऋण ठेवावे, हा निकष त्यांच्याच कार्यातून रूढ झाला.

भारतात दिग्बोई येथील तेल शुद्धीकरण कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. कारैक्कुडी येथे १९५३ मध्ये उघडलेल्या केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेमुळे गंजविषयक संशोधनास देशात कायमचे केंद्र मिळाले.

महाराष्ट्र : तुर्भे (मुंबई) येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. कच्च्या तेलातील क्लोराइड लवणांपासून ऊष्णतेने हायड्रोक्लोरिक अम्ल तयार होते आणि ऊर्ध्वपातन स्तंभाच्या माथ्याशी पाणी सांद्रित होताच ते पोलाद खाऊ लागते. म्हणून तेल आधी पाण्याने धुऊन लवणरहित करतात व पुढे अमोनिया आणि गंजनिरोधक द्रव्ये मिसळतात. गंधकयुक्त तेलामुळे उच्च तापमानास होणारी झीज टाळण्यासाठी क्रोमियमयुक्त पोलाद वापरतात.

मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यामुळे खाऱ्या पाण्यात सतत उभ्या राहणाऱ्या पोलादी मंचांचा प्रश्न पुढे आला. अशा मंचांच्या पाण्याखालील भागास ॲल्युमिनियम वा जस्ताच्या मिश्रधातूंची झिजणारी धनाग्रे जोडतात. लाटांच्या तुषारांनी आळीपाळीने भिजणाऱ्या व वाळणाऱ्या पट्ट्यात मात्र हे रक्षण पोहोचत नाही; तेथे जाड लेप वा आवरण द्यावे लागते.

बुलढाणा जिल्हा : या जिल्ह्यात तेलक्षेत्र नाही, तथापि मुंबई–नागपूर–झारसुगुडा नैसर्गिक वायुवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून नेण्यात आली आहे. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने नळावरील लेप ताणला जाऊन सुटण्याचा संभव असतो, तर ओलाव्यामुळे मातीची विद्युत् रोधकता घटते. उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर इ. तालुक्यांच्या खारपाणपट्ट्यात क्षारयुक्त भूजलामुळे हा धोका अधिक आहे. वायुवाहिनी या पट्ट्याच्या दक्षिणेकडील पठारावरून जात असली, तरी खारपाणपट्ट्यातील पाणीपुरवठ्याच्या लोखंडी नळांना हेच तत्त्व लागू पडते.

जमिनीतील नळांना लेप व ऋणाग्री रक्षण दोन्ही देतात. लेपामुळे विद्युत् प्रवाह थोडा लागतो व लेपातील उणिवा प्रवाह भरून काढतो. ठराविक अंतरांवरील खांबांजवळ वर्चस् मोजतात आणि नळातून तपासणी यंत्र फिरवून भिंतीची जाडी पाहतात. १९६२ च्या केंद्रीय अधिनियमानुसार नळासाठी वापरहक्क घेतलेल्या पट्ट्यात जमिनीची मालकी मूळ धारकाकडेच राहते. मात्र तेथे इमारत, विहीर वा तलाव बांधता येत नाही व झाडेही लावता येत नाहीत.

या निर्बंधांचे महत्त्व मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात दिसून आले. तेथे जस्तलेपित पाण्याचा नळ पेट्रोलवाहिनीलगत टाकलेला होता. दोन धातूंमधील विद्युत् रासायनिक विक्रियेने पोलादी वाहिनीस छिद्र पडले, असे तपासात आढळले. पेट्रोल गटारांत झिरपून २२ एप्रिल १९९२ रोजी स्फोट झाले व दोनशेंहून अधिक माणसे दगावली. म्हणून वाहिनीजवळ कोणताही धातूचा नळ टाकण्यापूर्वी वाहिनीच्या चालकास कळविणे व दोन्हींमध्ये पुरेसे अंतर राखणे आवश्यक ठरते.