आकाशातून वाहणारी नदी

आपण पंचांगात पाऊस पाहणारी माणसे. मृगाने हुलकावणी दिली तर आर्द्रा आहे, आर्द्रा कोरडी गेली तर पुनर्वसू आहे, अशी आपली आशा. परंतु ज्या मुलुखाचे सारे वर्ष हिवाळ्यातल्या मोजक्या वादळांवर अवलंबून, त्याने धीर कशाच्या बळावर धरावा? कॅलिफोर्नियाचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला वारंवार पडला.

१८६१ च्या डिसेंबरात तेथे पाऊस लागला, तो सुमारे दीड महिना हटला नाही. सिएरा नेवाडा पर्वतावरचे बर्फ उबदार पावसाने वितळले आणि मधल्या खोऱ्यात सुमारे ३०० मैल लांब व २० मैल रुंद असा समुद्रच पसरला. १० जानेवारी १८६२ रोजी नवे गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड सॅक्रामेंटोत शपथ घ्यावयास निघाले, ते होडीतून! पुढे विधिमंडळानेही सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली.

मला चटका लावून गेली ती गोष्ट मात्र निराळी. मेरीजव्हिलजवळचे मूळ रहिवासी आठवडाभर आधीच डोंगरपायथ्याकडे निघून गेले होते. यंदा पाणी फार चढेल, असे त्यांनी गोऱ्यांना सांगितलेही होते. तशी बातमीच तेव्हाच्या एका वृत्तपत्रात छापली गेली. नदीकाठी पिढ्यान् पिढ्या काढलेल्यांचे ते ज्ञान. सोन्यासाठी काल-परवा आलेल्यांना ते कोठून पटणार?

हे पाणी येते कसे, ते शास्त्रज्ञांनी पुष्कळ पुढे उलगडले. उष्ण समुद्रावरची वाफ शेकडो किलोमीटर रुंद आणि हजारो किलोमीटर लांब अशा पट्ट्यातून वाऱ्याबरोबर वाहत येते. पर्वत आडवा आला की ती वर चढते, थंडावते आणि कोसळते. अशा एका पट्ट्यातून मिसिसिपी नदीच्या मुखाशी असते जवळजवळ तेवढे पाणी वाफेच्या रूपाने वाहत असते. झू आणि न्यूएल या शास्त्रज्ञांच्या लेखनातून १९९० नंतर 'वातावरणीय नदी' हे नाव रूढ झाले.

तिला वैरीण म्हणावे, तर कॅलिफोर्नियाच्या वार्षिक पावसाचा तिसरा ते अर्धा हिस्सा हीच आणते. त्या महापुरामागोमाग अवर्षण आले, आणि पुरातून वाचलेली गुरे चाऱ्यापाण्यावाचून मेली. २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून तीन आठवड्यांत अशा नऊ नद्या आल्या. माणसे दगावली, बांध फुटले, आणि आटलेल्या जलाशयांत पाणीही आले.

आज उपग्रहांमुळे तिची वर्दी काही दिवस आधी मिळते. पण वर्दी तर १८६१ च्या त्या हिवाळ्यातही मिळाली होती. उणीव होती ती ऐकणाऱ्या कानांची!