तुल्य वाणाची कुळकथा

सोयाबीनच्या वाण-चाचणीत नव्या वाणाशेजारी एक जुना, शेतकऱ्यांच्या ओळखीचा वाण पेरतात. तो तुल्य वाण. मराठवाड्यात हे काम दीर्घकाळ जबलपूरच्या जेएस-३३५ने केलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस वाण त्याच्याशी तोलले गेले.

अशा चाचणीची आकडेवारी 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये भरली, की तेही जेएस-३३५लाच पाया धरतं. पण ते शेत पाहून नव्हे. रोमन अक्षरक्रमात 'जे' हा 'एम'च्या आधी येतो, एवढंच कारण. याच चाचणीत अमरावतीचा एएमएस-१००१ घातला, की पाया तिकडे सरकतो आणि प्रत्येक आकडा त्या वाणापासूनचा फरक सांगू लागतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ तुल्य असेल आणि चाचणीत अकोल्याचा 'एकेएच' वाण असेल, तर हाच प्रकार कापसातही घडतो.

वाण, गाव, हंगाम ही नावं असतात आणि समीकरणाला आकडे लागतात. नावांना आकडे कसे द्यायचे, म्हणजेच कॉन्ट्रास्ट कसे ठरवायचे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. रोनाल्ड फिशर १९१९मध्ये इंग्लंडातल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात आले. पाच वाण असतील तर त्यांच्यात चारच स्वतंत्र तुलना निघतात, आणि त्या कोणत्या घ्यायच्या हे प्रयोग करणाऱ्याने आधी ठरवायचं, ही शिस्त त्यांच्या कामातून रुजली. आपल्याकडे ती पोचवली वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी. पानसे इंदूरच्या कापूस संशोधनात घडलेले, सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४मध्ये काढलेलं त्यांचं पुस्तक कृषी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आजही 'पानसे-सुखात्मे' या जोडनावानेच येतं. हाताने बेरजा करणाऱ्या त्या पिढीला तुलना निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. निवड टाळायची सोय यंत्राने दिली.

१९९२च्या सुमारास 'एस' या संगणकीय भाषेत आधीच ठरवून ठेवलेली पद्धत हेल्मर्टची होती : प्रत्येक वाणाची तुलना त्याच्या आधीच्या सगळ्यांच्या सरासरीशी. हेल्मर्ट हे जर्मन भूमापनशास्त्रज्ञ. गणिती मांडणी १८७६ची. समतोल प्रयोगात या तुलना एकमेकींत मिसळत नाहीत, हे तिचं सौंदर्य. पण तिसरा वाण पहिल्या दोघांच्या सरासरीहून किती सरस, असं कोणता शेतकरी विचारतो? ऑकलंडमध्ये जन्मलेल्या 'आर'ने पहिल्या पातळीला, म्हणजे यादीतल्या पहिल्या नावाला, पाया धरणारी पद्धत घेतली, आणि वाण-चाचणीसाठी ती मला योग्य वाटते. 'सॅस' या दुसऱ्या सॉफ्टवेअरची एक प्रचलित आज्ञा उलट शेवटच्या पातळीला पाया धरते.

खताच्या मात्रांचं वेगळं. ०, ४०, ८०, १२० किलो नत्राच्या मात्रा क्रमवार म्हणून नोंदवल्या, तर 'आर' सरळ चढ आणि वळण वेगवेगळं काढतं. सरळ चढासाठी -३, -१, १, ३ या प्रमाणात वजनं लागतात. मात्रा ०, ३०, ६०, १२० असतील तर अंतरं सारखी राहत नाहीत. ती सांगितली नाहीत तर संगणक सारखीच धरतो.

कुठलीही पूर्ण पद्धत घेतली तरी प्रत्येक वाणाचा अंदाजित उतारा तोच येतो. बदलतो तो आकड्यांचा अर्थ, आणि ठिकाणं दोन झाली की हे फार जपावं लागतं. समजा, तेच वाण नांदेडला आणि लातूरला पेरले आणि वाण-ठिकाण यांची परस्परक्रियाही समीकरणात घेतली. नेहमीच्या पद्धतीत वाणासमोरचा फरक फक्त पायाभूत ठिकाणचा असतो. गावांची नावं रोमन लिपीत टंकली तर ते ठिकाण लातूर, कारण 'एल' 'एन'च्या आधी. देवनागरीत टंकली तर नांदेड, कारण 'न' 'ल'च्या आधी. पीक तेच, पाऊस तोच, आणि प्रबंधातलं वाक्य दुसऱ्या जिल्ह्याचं होतं. म्हणून वाणासाठी 'आर'मधली 'रिलेव्हल' ही आज्ञा वापरून तुल्य वाण स्वतः नेमावा आणि ठिकाणासाठी बेरीज शून्य ठेवणारी पद्धत घ्यावी : एकाला १, दुसऱ्याला -१. मग वाणासमोर जो आकडा येतो, तो तुल्य वाणापासूनचा दोन्ही ठिकाणांचा सरासरी फरक असतो.