नऊ (प्राथमिक अंकगणितातील)

नऊ : आठाच्या पुढची व दहाच्या अलीकडची नैसर्गिक पूर्ण संख्या. दशमान पद्धतीत एका अंकाने लिहिता येणारी ही सर्वांत मोठी संख्या असून देवनागरीत ती ९ या चिन्हाने लिहिली जाते. संस्कृतातील ‘नवन्’ या संख्यावाचकापासून प्राकृतातील ‘णव’मार्गे मराठीत ‘नऊ’ हा शब्द आला. समासात मात्र ‘नव’ हे मूळ रूप टिकून राहिले. नवरात्र, नवग्रह, नवरस हे शब्द त्याची साक्ष देतात, तर ‘नाकी नऊ येणे’ व ‘नव्याचे नऊ दिवस’ यांसारख्या वाक्प्रचारांतून ही संख्या शाळेत जाण्याआधीच मुलाच्या कानावर पडलेली असते. १, ३ आणि ९ हे तिचे विभाजक आहेत. त्यामुळे ती मूळ संख्या नाही. १ नंतरच्या विषम संख्यांपैकी मूळ नसलेली पहिली संख्या हीच आहे. नऊ खडे तीन ओळींत प्रत्येकी तीन असे मांडले, की नेमका चौरस तयार होतो. म्हणून ९ हा ३ चा वर्ग आहे.

प्राथमिक शिक्षणाच्या दृष्टीने नऊची मुख्य ओळख अशी, की ती दहापेक्षा एकाने कमी आहे. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु नऊचा पाढा, नऊने भाग जाण्याची कसोटी, उत्तराचा पडताळा आणि ज्यांना ‘नऊची जादू’ म्हटले जाते ते सर्व चमत्कार याच एका गोष्टीतून निघतात.

संख्यानामे : मराठी भाषेने ही ओळख शब्दांतच साठवून ठेवली आहे. ‘एकोण’ म्हणजे ‘एक ऊन’, अर्थात एकाने उणे. वीसला एक कमी ती एकोणीस व तीसला एक कमी ती एकोणतीस. याच रीतीने एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद अशी एकूण आठ नावे पुढच्या दशकाकडे बोट दाखवून तयार होतात. नव्व्याण्णव हे नाव तेवढे या रीतीने चालत नाही. शंभरातून एक वजा करून ते घडलेले नसून नव्वदांत नऊ मिळवून घडलेले आहे. जे मूल ‘एकोणतीस’ हा शब्द समजून उच्चारते, त्याने तीस वजा एक ही वजाबाकी नकळत केलेली असते.

हीच रचना लेखनात अडचणीची ठरते. ‘एकोणतीस’ ऐकल्यावर मुलाच्या कानात ‘तीस’ घुमतो, ते आधी ३ लिहिते, आणि शेवटी नऊ येतो एवढे आठवत असल्याने पाटीवर ३९ उमटते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे, कारण शब्द तीसचा उल्लेख करतो आणि अंक मात्र वीसचा दशक मागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशाही वाचण्याची पद्धत आणली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या बदलामागील भूमिका मांडली. नऊच्या बाबतीत या दोन्ही पद्धतींचे गुण स्पष्ट दिसतात. ‘वीस नऊ’ हे नाव लिखित संख्येच्या जवळ जाते, तर ‘एकोणतीस’ हे नाव तोंडी हिशेबाच्या जवळ जाते. मुलाला दोन्ही नावे अवगत असणे हिताचे आहे, आणि पहिल्याच्या सोयीसाठी दुसरे विसरले गेले तर तोंडी हिशेबाचे एक साधन भाषेतून नाहीसे होईल.

बेरीज व वजाबाकी : नऊचे दोन भाग करण्याच्या जोड्या पाच आहेत : ० व ९, १ व ८, २ व ७, ३ व ६, ४ व ५. नऊ चिंचोके मुठींत वाटून एक मूठ उघडायची आणि दुसऱ्या मुठीत किती उरले हे ओळखायचे, या खेळातून त्या पाठ न करताही पक्क्या होतात. पुढे हातच्याच्या बेरजेत व उसन्याच्या वजाबाकीत याच जोड्यांचा आधार लागतो.

कोणत्याही संख्येत नऊ मिळवायचे असतील, तर दहा मिळवून एक काढावा. ४७ मध्ये ९ मिळवताना ५७ व मग ५६ असे दोन सोपे टप्पे पडतात आणि बोटांवर नऊ वेळा पुढे मोजण्याचे कष्ट वाचतात. वजाबाकीत याच्या उलट, दहा काढून एक परत द्यावा : ४७ मधून ९ गेले की ३७ व १ मिळून ३८ उरतात. एक मिळवायचा की काढायचा, हा गोंधळ येथे हमखास होतो. तो नियम पुन्हा पुन्हा घोकून घेतल्याने सुटत नाही. नऊ रुपयांच्या वस्तूसाठी दहाची नोट दिली, तर दुकानदार एक रुपया परत करतो, हा रोजचा व्यवहार मुलासमोर प्रत्यक्ष मांडला की तो सुटतो.

मोठ्या वजाबाकीतही हीच युक्ती चालते. १००० मधून ३७६ वजा करताना तीन शून्यांवरून उसना घेत जावे लागते व तेथेच मुले चुकतात. त्याऐवजी ९९९ मधून ३७६ वजा केले, तर प्रत्येक स्थानी नऊच असल्याने उसना घ्यावाच लागत नाही. उत्तर ६२३ येते आणि बाजूला ठेवलेला एक मिळवला की ६२४ मिळतात. एखाद्या अंकाला नऊपर्यंत नेण्यासाठी जो अंक लागतो, त्याला त्याचा नवपूरक म्हणतात. ३, ७ व ६ यांचे नवपूरक अनुक्रमे ६, २ व ३ हे आहेत.

नऊचा पाढा : नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस, नऊ चोक छत्तीस या क्रमाने म्हटल्या जाणाऱ्या या पाढ्यात दशकाचा अंक एकेकाने चढतो व एककाचा अंक एकेकाने उतरतो : ०९, १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१, ९०. प्रत्येक पायरीवर दहा मिळतात आणि एक जातो. दहा मिळाल्याने दशक एकाने वाढतो, एक गेल्याने एकक एकाने घटतो, आणि म्हणून दोन अंकांची बेरीज प्रत्येक वेळी नऊच राहते. पाढा उभा लिहून त्याचे दोन स्तंभ मुलाला न्याहाळू दिले, तर हा चढउतार बहुधा ते स्वतःच शोधून काढते, आणि असा शोध शिक्षकाने आधी सांगून टाकू नये.

बोटांवर नऊचा पाढा काढण्याची रीतही याच कारणाने चालते. दोन्ही हात समोर धरून डावीकडून चौथे बोट मिटले, की मिटलेल्या बोटाच्या डावीकडे तीन व उजवीकडे सहा बोटे उरतात आणि छत्तीस हे उत्तर हातावरच वाचता येते. चारच्या आधीची तीन बोटे हे दशक झाले. दहा बोटांतून पहिली चार सोडल्यावर उरणारी सहा बोटे हे एकक झाले. नऊ चोक म्हणजे चार दहांतून चार कमी, म्हणजेच तीन दशक आणि दहातून चार गेल्यावर उरणारे सहा. बोटांवरचे उत्तर आणि हे कारण एकाच वेळी शिकवावे.

जुन्या मराठी शाळांतील उजळणीत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे असत, आणि नऊला त्यांतही जागा होती. पाव पटीची पावकी, अर्ध्या पटीची निमकी, पाऊण पटीची पाऊणकी, सव्वा पटीची सवायकी, दीड पटीची दिडकी, अडीच पटीची अडीचकी आणि साडेतीन पटीची औटकी या पाढ्यांत नऊची उत्तरे अनुक्रमे सव्वादोन, साडेचार, पावणेसात, सव्वाअकरा, साडेतेरा, साडेबावीस आणि साडेएकतीस अशी येतात. शेर, पायली व आणे यांच्या व्यवहारात ही उत्तरे जिभेवर असणे आवश्यक होते. मापे दशमान झाल्यावर हे पाढे मागे पडले. तथापि सव्वा, दीड, अडीच हे शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहेत, आणि नऊसारख्या एका संख्येपुरते हे पाढे करून घेतले तरी अपूर्णांकांची धास्ती पुष्कळ कमी होते.

नऊने भागाकार : एखाद्या संख्येच्या अंकांची बेरीज नऊने विभाज्य असेल, तर ती संख्याही नऊने विभाज्य असते. जपमाळेचे १०८ मणी हे याचे घरोघरी दिसणारे उदाहरण आहे. १, ० व ८ यांची बेरीज नऊ होते आणि १०८ म्हणजे बारा नव्वे. हा नियम वर्गात बहुधा कारणाशिवाय दिला जातो. वास्तविक त्याचे कारण आईसक्रीमच्या काड्यांच्या गठ्ठ्यांवर आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही दाखवता येते. २३४ काड्या म्हणजे शंभराचे दोन गठ्ठे, दहाचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या. नऊ-नऊच्या वाटण्या करायच्या म्हटले, तर दहाच्या प्रत्येक गठ्ठ्यातून नऊ गेल्यावर एक काडी उरते. शंभराच्या प्रत्येक गठ्ठ्यातूनही ९९ काड्या, म्हणजे नऊच्या अकरा वाटण्या, गेल्यावर एकच काडी उरते. म्हणजे दोन शतकांच्या दोन, तीन दशकांच्या तीन आणि सुट्या चार अशा नऊ काड्या शिल्लक राहतात व त्यांची आणखी एक पूर्ण वाटणी होते. अंकांची बेरीज म्हणजे या उरलेल्या काड्यांची बेरीज होय. एवढे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला नियम पाठ करावा लागत नाही, आणि २३५ ला नऊने भागल्यास बाकी एक उरेल हेही ते भागाकार न मांडता सांगते.

पडताळा : संख्येला नऊने भागून उरणाऱ्या बाकीला नवशेष म्हणता येईल. त्यावरून गणिताच्या उत्तराची तपासणी करण्याची रीत भारतीय गणितात जुनी आहे. दहाव्या शतकातील दुसरा आर्यभट याच्या महासिद्धांत या ग्रंथात ती आढळते, तर नारायण पंडिताने गणितकौमुदी (१३५६) या ग्रंथात नऊच नव्हे तर कोणताही सोयीचा भाजक घेऊन असा पडताळा करता येतो हे सांगितले आहे. ४७ गुणिले २३ बरोबर १०८१ हे तपासायचे असेल, तर ४७ चा नवशेष २, २३ चा ५, त्यांचा गुणाकार १० व त्याचा नवशेष १. उत्तरातील अंकांची बेरीजही १० येते व नवशेष १ राहतो. दोन्हीकडचे नवशेष जुळले नाहीत, तर उत्तर निश्चितपणे चुकले आहे. ते जुळले, तर मात्र उत्तर बरोबर आहे असे ठरत नाही. १०८१ ऐवजी १८०१ लिहिले गेले तरी अंक तेच असल्याने नवशेष तोच येतो व चूक निसटते. ही मर्यादा न सांगता रीत शिकवणे मुलाची दिशाभूल करणारे आहे.

या निसटणाऱ्या चुकीला दुसऱ्या बाजूने पकडता येते. ७२ व २७, किंवा ५४ व ४५ अशा अंकांची अदलाबदल झालेल्या दोन संख्यांतील फरक नेहमी नऊने विभाज्य असतो, कारण अंक तेच राहिल्याने दोहोंचे नवशेष समान असतात व वजाबाकीत ते एकमेकांना छेदून जातात. जमाखर्च लिहिणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. दोन बाजूंच्या बेरजांत ९, २७ किंवा ६३ रुपयांचा फरक आला, की कोठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेल्याची शंका आधी घेतली जाते.

अंकांच्या अदलाबदलीतून एक खेळ तयार होतो. दोन वेगळ्या अंकांची कोणतीही संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने व मग चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करत राहावे. ८१ पासून निघाल्यास ६३, २७, ४५, ९ आणि पुन्हा ८१ (९ ला ०९ मानून ९० मधून ०९ वजा केल्यावर) असे चक्र फिरत राहते आणि त्यातील प्रत्येक संख्या नऊच्या पाढ्यातली असते. चार अंकी संख्यांवर हीच क्रिया केली, तर काय होते याचा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी लावला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते व तेथेच थांबते. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२, ६१७४ अशा तीनच पायऱ्या होतात, आणि त्या तिन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज १८ आहे. ६१७४ हा आकडा आज जगभर कापरेकर स्थिरांक या नावाने ओळखला जातो. डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते.