शतपावली, वामकुक्षी आणि छातीतली जळजळ : अम्लपित्ताचा मराठवाडी इतिहास

१/
जेवणानंतर शंभर पावले चालणे म्हणजे शतपावली आणि त्यानंतर डाव्या कुशीवर आडवे होणे म्हणजे वामकुक्षी. नांदेड-लातूरकडे हे दोन्ही शब्द आजही बोलण्यात आहेत. मात्र वामकुक्षीचा अर्थ आता 'दुपारची झोप' एवढाच उरला आहे. त्यातला 'वाम', म्हणजे डावा, कोणाच्या लक्षात येत नाही. या विसरलेल्या डाव्या बाजूमागे सुमारे दोन हजार वर्षांचा वैद्यकीय इतिहास आहे.

२/
या नियमाचा उगम सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४६ व्या अध्यायात सापडतो. भोजन झाल्यावर अन्नाचा जडपणा ओसरेपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, नंतर शंभर पावले चालावे आणि मग डाव्या कुशीवर पहुडावे, असा क्रम तेथे सांगितला आहे. संस्कृत ग्रंथातला हा नियम मराठी घरात दोन सुटसुटीत शब्दांच्या रूपाने टिकला. ग्रंथ न वाचलेल्या माणसालाही तो आजी-आजोबांकडून मिळत राहिला.

३/
डावीच बाजू का? अन्ननलिका जठराला जिथे मिळते, तिथे झडपेसारखा एक स्नायू असतो. तो सैल पडला की जठरातले आम्ल वर येते आणि छातीत जळजळते. डाव्या कुशीवर असताना जठराचा पिशवीसारखा भाग या जोडाच्या खाली राहतो, त्यामुळे आम्ल तळाशी साचते. उजव्या कुशीवर स्थिती उलटी होते. डाव्या कुशीवर अन्ननलिकेचा आम्लाशी संपर्क कमी होतो, हे आधुनिक मोजमापांतही दिसले आहे.

४/
या विकाराचे जुने नाव अम्लपित्त. चरक आणि सुश्रुत यांनी त्याला स्वतंत्र अध्याय दिलेला नाही. तरीही चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात एक लक्षवेधी नोंद आहे. कोणत्या गोष्टीत कोणता पदार्थ अग्रगण्य, याची तिथे लांबलचक यादी येते. अम्लपित्त उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत पहिला मान मिळाला आहे कुळथाला, म्हणजेच हुलग्याला.

५/
मराठवाड्यातल्या वाचकाला ही नोंद चटका लावणारी आहे. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे हे इथल्या थंडीतले जिवाभावाचे पदार्थ. कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येणारे हे कडधान्य कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार होते. चरकाची यादी हुलगा निषिद्ध ठरवत नाही. ज्याला जळजळ होते त्याने कुठे जपावे, एवढे ती सांगते. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे पोषण, हा त्यातला विचार.

६/
अम्लपित्ताला स्वतंत्र स्थान दिले ते साधारण सातव्या-आठव्या शतकातील माधवकराने. त्याच्या 'माधवनिदान' या ग्रंथाचा ५१ वा अध्याय याच विकाराचा. अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, अन्नावरची वासना जाणे आणि 'हृत्कंठदाह', म्हणजे छाती व घशातली आग, ही लक्षणे त्याने नोंदवली. वर उसळणारे ते ऊर्ध्वग आणि खाली जाणारे ते अधोग, असे दोन प्रकारही केले.

७/
काश्यपसंहितेतही या विकारावर अध्याय आहे आणि त्यात एक वेगळाच उपाय येतो. अम्लपित्त दमट, पाणथळ प्रदेशात अधिक होते; औषधाने शमले नाही तर रोग्याने प्रदेश बदलावा, असे हा ग्रंथ म्हणतो. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्या हिशेबाने कोरड्या हवेचे लातूर हे जळजळ शमण्याचे ठिकाण ठरायला हवे! तसे ते का ठरले नाही, याचे उत्तर पुढच्या शतकांत आहे.

८/
तेराव्या शतकात नांदेड-लातूरचा मुलूख देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. महादेव आणि रामचंद्र या राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्री तरुण वाचकांना हेमाडपंती मंदिरांमुळे ठाऊक असतो. पण याच हेमाद्रीने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयाने राहिलेल्या बोपदेवानेही 'शतश्लोकी' हा औषधीकल्पांचा ग्रंथ रचला. राज्याचा कारभार पाहणारा मंत्री आहारविहाराचे नियम उलगडत होता, ही मराठवाड्याच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

९/
हेमाद्रीने टीका केलेल्या याच ग्रंथात जेवणाचे प्रसिद्ध माप येते. पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन घन अन्नाने भरावेत, एक द्रवाने, आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. आजच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. जठर तुडुंब भरले की आतला दाब वाढतो आणि झडप सैल पडून आम्ल वर येते. म्हणून काय खाल्ले याच्याइतकेच किती खाल्ले हेही महत्त्वाचे ठरते.

१०/
आता ताक. जळजळीवर मराठवाड्यात सर्वांत आधी आठवणारा उपाय हाच, त्यातही उन्हाळ्यात. सुश्रुतसंहिता मात्र थंडीच्या दिवसांत आणि मंदावलेल्या अग्नीवर ताकाची शिफारस करते, तर उष्ण काळात आणि दाह होत असताना ते देऊ नये असे बजावते. लातूर परिसरातली वेळ अमावस्या, बोलीतली येळवस, इथे आठवावी. शेतात बसून ताक व ज्वारीच्या पिठाची आंबील पिण्याचा हा सण येतो मार्गशीर्षाच्या अखेरीस, ऐन थंडीत. लोकरीत आणि ग्रंथ यांचा इथे सुंदर मेळ बसतो.

११/
मग बिघडले कुठे? माधवकराच्या काळी भारतात मिरचीच नव्हती. तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि सुंठ यांतून. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि पुढे देशावर पसरली. भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे भाकरीवरचा शेंगदाण्याचा ठेचा, जो आज 'अस्सल गावरान' वाटतो, तो यादवांच्या ताटात असणे शक्यच नव्हते. भाकरीची ज्वारी मात्र जुनी.

१२/
त्यानंतर तंबाखू. अकबराचा दूत असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला होता. तिथे त्याला तंबाखू मिळाली आणि ती त्याने बादशहाला नेऊन दाखवली. म्हणजे उत्तरेच्या दरबाराला ती दख्खनेतून कळली. तंबाखूतले निकोटीन अन्ननलिकेची झडप सैल करते. जेवणानंतर मळलेली चिमूट पोट हलके करते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती आम्लाला वर यायला वाट मोकळी करून देते.

१३/
तिसरा पाहुणा चहा. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने नांदेड जोडले गेले होते आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोचली. त्याच काळात चहाच्या प्रसारासाठी १९०३ पासून कर गोळा होऊ लागला होता आणि पुढे रेल्वेस्थानके ही त्या प्रचाराची मोठी ठिकाणे बनली. भाकरी खाऊन शेतावर जाणाऱ्या माणसाची सकाळ हळूहळू उपाशीपोटीच्या कपाने सुरू होऊ लागली. चहातले कॅफिन जठरातला आम्लस्राव वाढवते, हे तेव्हा कोण सांगणार?

१४/
याच भूमीत वैद्यकाची दुसरी परंपराही नांदली. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तिथे युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. जिऱ्याची 'जवारिश-ए-कमूनी', बडीशेपेचा 'अर्क-ए-बादियान' आणि गुलाबपाकळ्यांचा गुलकंद ही हकिमांची ओळखीची औषधे. गंमत अशी की अली इब्न रब्बान अल-तबरी याने इ.स. ८५० च्या सुमारास लिहिलेल्या अरबी ग्रंथात चरक, सुश्रुत, निदान आणि अष्टांगहृदय यांचा आधार घेतला होता. विद्येचा हा प्रवास दोन्ही दिशांनी झाला.

१५/
वैद्य आणि हकीम या दोघांच्या वस्तू अखेर स्वयंपाकघराच्या डब्यांत एकत्र आल्या : धने, जिरे, बडीशेप, आवळा, मनुका, ज्येष्ठमध, साळीच्या लाह्या. यांतल्या काहींचे काम सहज समजते. बडीशेप सावकाश चावली की लाळ सुटते. लाळ किंचित अल्कधर्मी असल्याने अन्ननलिकेतले आम्ल धुऊन निघते. लाह्या हलक्या असल्याने पोटावर भार पडत नाही. धने-जिऱ्याचे पाणी चहाची जागा घेते, हाही त्याचा मोठाच फायदा.

१६/
पण 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. ज्येष्ठमध दीर्घकाळ खाल्ल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर असते. ते रेचक आहे. 'योगरत्नाकर' ग्रंथातला सूतशेखर रस अम्लपित्तावर नावाजलेला असला, तरी त्यात संस्कारित पारा असतो. ही औषधे वैद्याने नाडी, वय आणि इतर आजार पाहून द्यायची आहेत. दुकानातून परस्पर आणून घ्यायची नाहीत.

१७/
थंड दुधाचीही एक कथा आहे. शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये जठरव्रणाच्या रोग्यांना तासातासाला दूध आणि साय देण्याची पद्धत मांडली. ती अनेक दशके जगभर चालली. पुढे लक्षात आले, की दूध क्षणभर शांतवते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम नंतर आम्लस्राव वाढवतात. घोटभर दुधाने बरे वाटते हे खरे. वारंवार दूध पिणे हा मात्र उपचार नव्हे. खाण्याच्या सोड्याचेही तसेच, आणि त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रोग्याला बाधते.

१८/
१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ओळखला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बहुतेक जठरव्रण तिखटाने किंवा चिंतेने होत नसून या जंतूमुळे होतात, हे त्यातून सिद्ध झाले. 'जुने पित्त' म्हणून वर्षानुवर्षे सोसलेले दुखणे कधी कधी असा व्रण असतो. त्यावर शतपावली पुरत नाही. तपासणी आणि प्रतिजैविकेच लागतात.

१९/
या इतिहासातला सर्वांत गंभीर धडा एका शब्दाचा आहे. माधवकराच्या 'हृत्कंठदाह' या शब्दात हृदयाचा उल्लेख आहे आणि गोंधळ तिथेच होतो. हृदयविकाराचा झटका अनेकदा 'पित्त झालंय' असाच वाटतो. घरात सोडा किंवा जिरे दिले जाते आणि मोलाचा वेळ निघून जातो. छातीत दाब, दरदरून घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवून १०८ वर फोन करावा. गिळताना अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कारण नसताना वजन घटणे, यांतही डॉक्टरांकडे जाण्यास उशीर नको.

२०/
साध्या जळजळीसाठी मात्र ग्रंथ आणि आधुनिक वैद्यक बहुतांशी एकाच वाटेवर येतात. पोटाचा चौथा भाग मोकळा ठेवावा. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी आटोपावे. जेवणानंतर सावकाश चालावे. रात्री त्रास होत असेल तर डाव्या कुशीवर झोपावे आणि पलंगाची उशाकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. तंबाखू सोडावी, वाढलेले वजन उतरवावे, उपाशीपोटी चहा टाळावा. ठेचा आणि हुलगे ज्याला सोसतात त्याने खुशाल खावेत.

२१/
यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, आणि यातले जवळजवळ काहीच औषध नाही. अम्लपित्ताचा इतिहास पाहिला तर चूर्णे, अर्क आणि गोळ्या काळाप्रमाणे बदलत गेल्या. जेवणाची वेळ, माप आणि त्यानंतरचे वागणे यांचे नियम मात्र टिकले. देवगिरीचे राज्य गेले, निजामाचे गेले. शतपावली आणि वामकुक्षी हे शब्द उरले. आता त्यांचा अर्थही उरायला हवा.