हंगाम, मजुरी आणि कायदा : वर्धा जिल्ह्याच्या इतिहासांतील एक प्रकरण

एखाद्या कायद्याचा इतिहास लिहितांना तो कोणीं केला, केव्हां केला व त्यास विरोध कोणीं केला, एवढें सांगून थांबण्याची रीत आहे. त्या कायद्यानें कोणाला काम मिळालें व कोणाचें गेलें, ही चौकशी मात्र क्वचितच होते. मजूरविषयक कायद्यांच्या बाबतींत आमच्या मध्यम वर्गांत दोन मतें रूढ आहेत. कायदा नसता तर मजूर भरडून निघाला असता, हें एक. आणि कायद्याच्या जाचामुळेंच मालक माणसें ठेवण्यास कचरतो, हें दुसरें. दोन्ही मतांस मुंबईच्या गिरण्यांचे दाखले देण्यांत येतात. परंतु गिरणी बारमाही चालते, आणि या देशांतील बरीचशी मजुरी बारमाही नाहीं. ती पिकाबरोबर येते व पिकाबरोबर जाते. म्हणून हा प्रश्न आम्ही एका कापसाच्या जिल्ह्याच्या, म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या, इतिहासावरून तपासूं इच्छितों.

हा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वेगळा काढण्यांत आला. ते दिवस अमेरिकेंतील यादवी युद्धाचे होते. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील काळ्या जमिनीला एकाएकीं मोल आलें. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली; पुढें दहा वर्षांनीं वर्ध्याहून हिंगणघाटास फांटा गेला. हिंगणघाटचा कापूस त्या गांवाच्याच नांवानें विलायतच्या बाजारांत ओळखला जात असे. रेल्वेमागोमाग वाफेवर चालणारे रेचे व गठाणी दाबण्याचे कारखाने आले, आणि शतक संपण्याच्या सुमारास हिंगणघाट व पुलगांव येथें सुताच्या व कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या.

रेच्याच्या कारखान्याचें, म्हणजे लोकांच्या भाषेंत 'जिना'चें, वर्ष कांहीं महिन्यांचें असतें. दिवाळीनंतर कापूस बाजारांत येऊं लागला कीं भोंगा वाजतो, आणि उन्हाळा तापला कीं जीन थंड पडते. मधल्या दिवसांत मात्र व्यापाऱ्यास दम नसतो. त्याचा पैसा कापसांत अडकलेला असतो, आणि आगीचें भय डोक्यावर असतें. शेतांतील कामें आटोपलेलीं माणसें याच वेळीं रिकामीं होतात. रेच्यांच्या रांगेपुढें कापूस घालण्याचें काम बहुधा बायकांकडे, गठाणी दाबण्याचें व उचलण्याचें पुरुषांकडे, अशी विभागणी पडून गेली. रुईच्या धुळीनें भरलेल्या त्या खोलींतील मजुरी भूमिहीन घराला रोख पैसा देणारी असे. वेचणी संपल्यानंतर दुसरा रोख पैसा जवळपास कोठें दिसत नसे.

आतां कायद्याकडे वळूं. हिंदुस्थानांतील पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ सालचा. तो मुख्यतः मुलांपुरता होता : सात वर्षांखालील मूल कामावर घेऊं नये, व बारा वर्षांखालील मुलास नऊ तासांहून अधिक राबवूं नये. परंतु 'कारखाना' कशास म्हणावें याच्या व्याख्येंत दोन अटी होत्या. तेथें शंभर माणसें असलीं पाहिजेत, आणि तो वर्षांतून निदान चार महिने चालला पाहिजे. या दुसऱ्या अटीचा अर्थ कापसाच्या मुलखांत काय झाला असेल हें सांगणें नको. जेथें घाई अधिक, तेथें कायदा नाहीं. कां, तर घाई थोडेच महिने असते! १८८४-८५ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या कमिशनपुढें खानदेशांतील जिनांविषयीं जी साक्ष झाली, तींत पहांटे चार-पांचपासून रात्रीपर्यंत, आणि भराच्या वेळीं कित्येक दिवस अहोरात्र, बायका कामावर राहत असल्याचें निघालें. खानदेश काय आणि वर्धा काय, कापसाची घाई सारखीच.

१८९१ सालच्या कायद्यानें शंभराचा आंकडा पन्नासावर आणला, बायकांस अकरा तासांची मर्यादा घातली, व मुलांचें किमान वय नऊ वर्षें ठरविलें. तरीही १९०८ सालच्या फॅक्टरी लेबर कमिशनला जिनांतून दिवसाचे सतरा-अठरा तास काम चालल्याचें आढळलें. तेव्हां १९११ सालच्या कायद्यानें चार महिन्यांहून कमी चालणारे कारखानेही कक्षेंत घेतले. म्हणजे रेच्यापुढील बाईस 'कारखान्यांतील मजूर' हें नांव मिळण्यास तीस वर्षें लागलीं.

नांव मिळालें, पण त्याबरोबर प्रश्नही आला. १९११ च्या कायद्यांत बायकांच्या रात्रपाळीवरील बंदींतून जिनांस सवलत होती. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें स्त्रियांच्या रात्रीच्या कामाविरुद्ध करार केला, आणि त्यास अनुसरून १९२२ सालच्या कायद्यानें ही सवलत काढून घेतली. सायंकाळीं सातनंतर व पहांटे साडेपांचपूर्वीं कोणत्याही बाईस कारखान्यांत ठेवूं नये, असें ठरलें. या नियमामागील दयाबुद्धि खरी होती. त्याच्या पूर्वीं काय चाले हें वर सांगितलेंच आहे. परंतु जीन रात्रीं बंद झाली नाहीं. कायद्यानें रात्र बंद केली ती बायकांपुरती. जेथें दोन पाळ्या चालत, तेथें दुसरी पाळी पुरुषांची झाली. गठाणी दाबण्याच्या कारखान्यासंबंधीं याच जातीचें एक कलम जुन्या कायद्यांतून १९४८ सालच्या कायद्यापर्यंत आलें. कापूस मोकळा करणारें यंत्र ज्या भागांत चालतें, तेथें स्त्रिया व मुलें असूं नयेत. मात्र यंत्राचें कापूस घालण्याचें तोंड व बाहेर पडण्याचें तोंड यांच्यामध्यें छतापर्यंत भिंत घातली, तर घालण्याच्या बाजूस स्त्रियांस काम देतां येईल, असें तें कलम. एका भिंतीवर किती जणींची मजुरी अवलंबून होती! भिंत घालणें मालकाच्या खुषीवर. न घातली तर धोक्याबरोबर बाईही बाहेर. यंत्र निर्धोक करण्याची सक्ति करण्याऐवजीं बाईस दूर ठेवणें स्वस्त होतें, आणि कायद्यानें स्वस्त मार्ग खुला ठेवला.

व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशननें १९३१ सालीं अहवाल दिला, व त्यावरून १९३४ चा कायदा झाला. त्यांत 'हंगामी कारखाना' ही निराळी जात निर्माण झाली, आणि सरकी काढण्याचे व कापूस दाबण्याचे कारखाने तींत नांवानिशीं घालण्यांत आले. बारमाही कारखान्यांत आठवड्यास ५४ तास, हंगामींत ६०. सहा तासांचा फरक दिसावयास लहान. पण पंचवीस आठवड्यांच्या हंगामांत तो दीडशे तासांचा होतो, म्हणजे दहा तासांचा एक दिवस धरला तर पंधरा दिवस. १९४६ सालीं हे आंकडे ४८ व ५० झाले, व १९४८ च्या कायद्यानें कामाच्या तासांपुरता हा भेद मिटला. परंतु भेद मिटला तो तेथेंच. त्याच सालच्या राज्य विमा कायद्यानें हंगामी कारखाने वगळले. १९५३ सालीं कामबंदीच्या भरपाईची तरतूद झाली, तींतून हंगामी धंदे वगळले. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानें बारमाही मजुरास वर्षाला पंधरा दिवसांचा पगार धरला, तर हंगामी मजुरास हंगामाला सात दिवसांचा. मध्यप्रांताचा प्रसूतिविषयक कायदा १९३० सालचा. पण अशा लाभास आधीं ठराविक महिन्यांची नोकरी लागे, आणि जिचें कामच सहा महिन्यांचें तिनें ती अट पुरी करावी कशी? 'हंगामी' हा शब्द कापसाचें वर्णन करण्यासाठीं होता. तो पाहतां पाहतां माणसांची पायरी ठरविणारा शब्द झाला.

याच वर्षांत याच जिल्ह्यांत मजुरीचा प्रश्न दुसऱ्या टोकानें हाताळला जात होता. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या वर्ध्याच्या बागेंत, मगनवाडींत, त्याचें ठाणें पडलें, आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. खादीच्या चळवळीस तोंवर दहा-पंधरा वर्षें झालीं होतीं. पण कांतणारीस दिवसभराच्या कामाबद्दल आणाभर, कधीं त्याहूनही कमी, मिळे. खादी स्वस्त झाली म्हणून आनंद मानणाऱ्या कार्यकर्त्यांस गांधीजींनीं १९३५ सालीं विचारलें कीं, ही स्वस्ताई कोणाच्या पोटांतून काढली? आठ तासांच्या कामास आठ आणे हें ध्येय त्यांनीं मांडलें. त्या सालच्या ऑगस्टांत ग्रामोद्योग संघानें व ऑक्टोबरांत वर्ध्यास चरखा संघानें ठराव केले कीं, आठ तासांच्या चोख कामास निदान शास्त्रोक्त अन्न मिळेल इतकी मजुरी असलीच पाहिजे. विनोबा भावे यांनीं नालवाडीस स्वतः कांतून त्या मजुरीवर निर्वाह होतो कीं काय याचा प्रयोग चालविला. सरकारी कायदा तास मोजीत होता. वर्ध्यानें भाकरी मोजण्यास आरंभ केला. किमान वेतनाचा कायदा देशांत १९४८ सालीं आला, हें येथें ध्यानांत ठेवावें.

परंतु येथेंही तीच अडचण दाराशीं उभी राहिली. मजुरी वाढली तशी खादी महागली. सूत चांगलें हवें व कांतणारीनें स्वतः खादी वापरावी, अशा अटी आल्या. ज्यांना त्या पाळतां आल्या नाहींत त्या गळाल्या. अधिक बायकांस थोडें द्यावें कीं थोड्या बायकांस पुरेसें द्यावें, हा वाद संघांत कसोशीनें झाला. संघाच्या हातीं आपली मजुरी होती. शेजारच्या गिरणीच्या कापडाचा भाव नव्हता. आठ आण्यांचें ध्येय गांठलें गेलें नाहीं. यावरून ध्येय चुकीचें होतें असें म्हणणारे म्हणोत. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, ग्राहकानें वाढीव किंमत दिली तितकाच तो ठराव अंमलांत आला.

पुढें हाच पेंच सरकारच्या गळ्यांत पडला. दुष्काळाच्या तोंडावर १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें रोजगार हमी योजना सर्व राज्यास लागू केली. वि. स. पागे हे तिचे जनक. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. मागेल त्या प्रौढास अंगमेहनतीचें काम, आणि तें पंधरा दिवसांत न दिल्यास भत्ता. हा हक्क कायद्यानें देणारें हें देशांतील पहिलें राज्य. कामाच्या मोजमापानें मजुरी, म्हणून बाईस व पुरुषास एकच दर. १९२२ च्या कायद्यानें बाईस दारापाशीं थांबविलें होतें. या कायद्यानें तिला दार ठोठावण्याचा अधिकार दिला. तथापि १९८८ सालीं किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, तेव्हां कामावरील हजेरी वाढण्याऐवजीं घटली. ज्या अर्थशास्त्रज्ञांनीं हें तपासलें त्यांचें म्हणणें असें कीं, कामें मागणीप्रमाणें निघेनाशीं होऊन जणूं शिधापत्रिकेवर वांटलीं जाऊं लागलीं. हमी कागदावर राहिली, पण तिजोरी तेवढी उघडली नाहीं. १९३५ चा खादीचा ग्राहक व १९८८ ची तिजोरी, दोघांचाही हात एकाच ठिकाणीं आखडला.

आणि जिनांतील बायकांचें काय झालें? त्यांचें काम शेवटीं कायद्यानें घालविलें नाहीं. २००० सालीं केंद्र सरकारनें कापसासाठीं जी तंत्रज्ञान मोहीम काढली, तींत रेच्यांचें आधुनिकीकरण हें एक अंग होतें. रेच्यास आपोआप कापूस पुरविणारें यंत्र आलें, आणि शंभर वर्षें ज्या जागेवर बाई उभी होती ती जागाच राहिली नाहीं. या मोहिमेसाठीं अनुदान दिलें गेलें. तें रुई स्वच्छ निघावी म्हणून होतें, व तो हेतु योग्यच होता. पुढें २०२० सालच्या कामाच्या सुरक्षिततेविषयींच्या संहितेनें स्त्रीस तिच्या संमतीनें व संरक्षणाच्या अटींवर रात्रीं काम करण्याची मुभा मान्य केली. रात्रीचें दार उघडलें तें असें : रेच्यापुढें कापूस घालणारीची गरज सरल्यानंतर.

या इतिहासाचें तात्पर्य काय? कायदा मजुरास मारक ठरतो, हें नव्हे. कायदा नव्हता तेव्हांची साक्ष वाचल्यावर तसें म्हणण्यास फार धीट मन लागेल. तात्पर्य हें कीं, अर्धवट संरक्षण जेथें संपतें, तेथेंच काम वाहत जातें. शंभराचा आंकडा घातला तर नव्वद माणसांच्या कारखान्याकडे. चार महिन्यांची अट घातली तर साडेतीन महिन्यांच्या घाईकडे. रात्र बायकांस बंद केली तर पुरुषांकडे. खादीची मजुरी वाढविली तर गिरणीच्या कापडाकडे. शेताच्या एकाच बाजूस बांध घातला तर पाणी अडत नाहीं, वाट तेवढी बदलतें. म्हणून संरक्षण देणाऱ्या कायद्यास दोन गोष्टींची जोड हवी : तो सर्वांस सारखा लागूं झाला पाहिजे, आणि ज्याचें काम त्यानें जाईल त्यास दुसरें काम देण्याचा भार कोणी तरी उचलला पाहिजे.

तो कोणीं उचलावयाचा, याचें उत्तर आमच्या वाचकांपासून फार दूर नाहीं. कांतणारीच्या वाढीव मजुरीचा भार खादी घेणाऱ्या सुशिक्षित घरांवर होता. रोजगार हमीच्या निधींत पगारदारांच्या व्यवसाय-कराची भर होती; शहरांतील नोकरदाराच्या पगारांतून दरमहा कांहीं रुपये कापून खेड्यांतील बाईस खडी फोडण्याचा कां होईना, पण हक्काचा रोज मिळे. त्या कपातीबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. वर्ध्याच्या जिनांचा हा इतिहास त्यांनीं वाचावा, आणि मग ती रक्कम फार होती कीं थोडी, याचा हिशेब आपल्याशींच करावा.